ओव्हन दमलाय की संपलाय? दुरुस्ती की नवा, हे ठरवायची रीत

ओव्हन सहसा एका दिवसात बंद पडत नाही. आधी केक मधेच बसायला लागतो. मग बिस्किटं मागच्या रांगेत काळी आणि पुढच्या रांगेत पांढरीफटक निघतात. आपण ट्रे फिरवायला शिकतो, कृतीतल्या वेळेत मनानेच दहा मिनिटं मिळवायला शिकतो, आणि असं करता करता दोन वर्षं निघून जातात. मग एके दिवशी नॉब फिरवला तरी ओव्हन ढिम्म. घरात लगेच दोन पक्ष पडतात. एकाला नवा हवा असतो, दुसरा म्हणतो, "चांगला दणकट आहे, आता असे मिळत नाहीत."

दोघंही ओव्हन न तपासताच बोलत असतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. काय बिघडलंय, यापेक्षा ज्या डब्यात ते बिघडलंय तो डबा कसा आहे, हे पाहून ठरवायचं. ओव्हन हे स्वयंपाकघरातलं फार साधं यंत्र आहे. तापणारी कॉइल, तापमान राखणारा थर्मोस्टॅट, एक-दोन स्विच, कधी पंखा, आणि उष्णता कोंडून ठेवणारी पेटी. पेटी सोडून बाकी सगळं बदलता येतं. म्हणून कॉइल जळलेला बारा वर्षांचा ओव्हन वाचवण्यासारखा असू शकतो, आणि दार लोंबायला लागलेला पाच वर्षांचा ओव्हन निरोप देण्यासारखा.

एक खुलासा. बोलताना आपण मायक्रोवेव्हलाही ओव्हनच म्हणतो. हा लेख त्याच्याबद्दल नाही. मायक्रोवेव्हच्या आतला कपॅसिटर २,००० व्होल्टच्या वर चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही तो चार्ज धरून ठेवू शकतो. त्यामुळे मायक्रोवेव्हचं मागचं झाकण घरी उघडायचंच नाही. इथे बोलतोय ते विजेवरच्या किंवा गॅसवरच्या खऱ्याखुऱ्या भाजणाऱ्या ओव्हनबद्दल, मग तो भिंतीत बसवलेला असो, शेगडीखालचा असो की ओट्यावरचा छोटा ओटीजी.

पायरी १: बिघाड आहे तरी का?

हसू नका. मेकॅनिक येतो, एक बटण दाबतो, येण्याचे पैसे घेतो आणि जातो, असं बऱ्याच घरांत झालेलं असतं.

वीज जाऊन आली की अनेक डिजिटल ओव्हनचं घड्याळ लुकलुकत राहतं, आणि वेळ लावेपर्यंत ओव्हन तापतच नाही. चाइल्ड लॉक लागलेला असू शकतो. ओटीजीमध्ये तापमानाचा नॉब फिरवून भागत नाही. टायमर शून्यावर असेल तर कॉइलला वीज मिळतच नाही आणि 'वरची, खालची की दोन्ही' हा नॉब 'बंद'वर असला तरी तेच. ओटीजी दुसऱ्या सॉकेटला लावून पाहा. सॉकेटच मेलेलं निघालं, तर ओव्हनची चौकशी तिथेच संपली.

ओव्हन बंद केल्यावर पंखा फिरत राहतो, म्हणून घाबरून फोन करणारेही असतात. तो आतला भाजण्याचा पंखा नव्हे. पॅनेलमागचे भाग थंड करणारा तो वेगळा पंखा असतो, आणि ओव्हन गार होईपर्यंत त्याने फिरायलाच हवं.

असमान भाजलं जात असेल तर आधी स्वतःची मांडणी तपासा. तळाला फॉइल अंथरलंय का? ट्रे इतका मोठा आहे का की जाळी पूर्ण झाकली जातेय? हवा फिरायला ट्रेच्या चारही बाजूंना दोन-तीन बोटं तरी जागा लागते. पंख्याच्या मोडवर साध्या मोडपेक्षा साधारण २० अंश कमी ठेवायचे असतात. ते ठेवले नाहीत तर पदार्थ वरून करपून आत कच्चा राहणार, आणि दोष यंत्राच्या माथी जाणार.

पायरी २: इथे आधी हात आखडा

काही लक्षणं दिसली की दुरुस्ती की नवा हा प्रश्न नंतरचा. आधी वापर बंद करायचा.

ओव्हनच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पिन काढून टाकली की ट्रिप होणं थांबतं, असा सल्ला देणारे भेटतात. अशा माणसाच्या हाती ओव्हन देऊ नका. नॉब बंद करूनही ओव्हन तापतच राहिला, म्हणजे थर्मोस्टॅटचा किंवा रिलेचा (कार्डावरच्या, विजेने चालणाऱ्या स्विचचा) संपर्क चिकटला आहे. दाराच्या काचेला तडा असेल तर तीही वाट पाहण्याची गोष्ट नाही. ती काच टफन केलेली असते. फुटते तेव्हा एकदम फुटते आणि तिचे बारीक खडे होतात.

गॅसचा वास आला तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे उभं राहून वास येत नाही म्हणजे गॅस गेला, असं नसतं. निळ्याऐवजी पिवळी, धुरकट ज्योत दिसत असेल तर जळण अपुरं होतंय आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला वास नसतो. गॅसचं काम जाणकाराकडूनच करून घ्यायचं.

ट्रिप होण्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथे चांगले ओव्हन भंगारात जातात. घराच्या वीजपेटीत आपोआप पडणारे दोन प्रकारचे स्विच असतात. एमसीबी पडतो तो जास्त प्रवाहामुळे किंवा शॉर्टमुळे. आरसीसीबी पडतो तो वीज गळून अर्थला जात असल्यामुळे, आणि घरगुती आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरची गळती पुरते. कॉइलच्या नळीत मधोमध नायक्रोमची तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासलेली असते. ही पावडर ओल ओढते. ओव्हन सहा महिने पडून राहिला, पावसाळा मधे गेला, की पहिल्या वापराला आरसीसीबी पडू शकतो. कॉइल मेलेली नसते, सर्दलेली असते. मेकॅनिक मेगर (गळती तपासायचं मीटर) लावून मोजतो, कॉइल वाळवतो आणि पुन्हा मोजतो. वाळल्यावर गळती थांबली तर त्या ओव्हनला एवढंच औषध हवं होतं. वाळवूनही गळत असेल तर कॉइलला सूक्ष्म भेग आहे, ती बदला.

पायरी ३: अंदाज सोडा, मोजा

ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तबकडीचा थर्मामीटर घ्या. या सगळ्या प्रकरणात खरेदी करण्यासारखी पहिली वस्तू हीच.

जाळी मधल्या खाचेत लावा, तिच्या मध्यभागी थर्मामीटर ठेवा, पंखा बंद आणि वर-खाली दोन्ही कॉइल चालू अशा साध्या मोडवर १८० अंश लावा. दिवा गेला, प्रीहीट झालं असं ओव्हन म्हणाला तरी लगेच विश्वास ठेवू नका, आणखी वीस मिनिटं जाऊ द्या. मग दर पाच-सात मिनिटांनी काचेतून आकडा वाचा आणि लिहून ठेवा. दार उघडून वाचलात तर तुम्ही दार उघडल्याचं तापमान मोजताय.

आकडा स्थिर नसणार. थर्मोस्टॅट कॉइल चालू-बंद करून तापमान राखतो, म्हणून ते लाटेसारखं वर-खाली होतं. समजा १७२, १९०, १७५, १८८ असे आकडे आले. सरासरी १८१. ओव्हन निरोगी आहे, दोष कुठेतरी कृतीत किंवा भांड्यात आहे.

माझ्या ओव्हनने मला दिले होते १५०, १५४, १४९, १५५. म्हणजे १८० सांगून हा १५२ देत होता, आणि इमानेइतबारे तेवढाच देत होता. मेकॅनिकने फोनवरच थर्मोस्टॅट गेल्याचं निदान केलं. मी टॉर्च घेऊन आत डोकं घातलं. आतल्या भिंतीला, वरच्या बाजूला, पेन्सिलपेक्षा बारीक अशी तांब्याच्या रंगाची एक नळी असते. थर्मोस्टॅटचं नाक ते. ती दोन क्लिपांत बसलेली असते. माझ्याकडे एक क्लिप सुटली होती आणि नळी वाकून थेट वरच्या कॉइलजवळ गेली होती. तिला ओव्हन आहे त्यापेक्षा गरम भासत होता, म्हणून ती कॉइल लवकर बंद करायची. प्लग काढून, गार झाल्यावर, नळी पुन्हा क्लिपेत दाबली. घासताना तारेच्या काथ्याने मीच ती ओढली असणार, हे नंतर सुचलं. नळी दाबताना तिला मुरड पडू देऊ नका, आतलं द्रव्य कोंडलं की थर्मोस्टॅट खरोखरच जातो.

आकडे सारखेच १५-२० अंशांनी कमी किंवा जास्त येत असतील तर अनेक डिजिटल ओव्हनमध्ये सेटिंगमधूनच तेवढी दुरुस्ती करता येते, माहितीपुस्तिकेत सापडेल. आकडे मात्र भरकटत असतील, एकदा १४० आणि एकदा २२०, तर थर्मोस्टॅट किंवा सेन्सर बदलायला आला.

थर्मामीटर नसेल तर साखर आहे. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. चमचाभर साखर फॉइलच्या वाटीत घालून १७५ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवा. ती कोरडी राहायला हवी. मग नवी साखर घेऊन १९० वर तेवढाच वेळ ठेवा. आता ती वितळायला हवी. १७५ लाच पाणी झालं तर ओव्हन जास्त तापतोय, १९० लाही दाणे तसेच राहिले तर कमी. आकडा मिळत नाही, पण दिशा कळते.

पायरी ४: नेमकं काय गेलंय

लक्षणांवरून बरंच ओळखू येतं. वरून लाल, खालून कच्चं: खालची कॉइल गेली. ग्रिल चालत नाही, बाकी सगळं ठीक: वरची. १८० गाठायला नेहमी दहा-पंधरा मिनिटं लागायची आणि आता पंचवीस-तीस लागतात: दोनपैकी एक कॉइल बंद आहे आणि दुसरी एकटी ओढतेय. पंख्याच्या मोडमध्ये मागची बाजू करपते: पंखा अडलाय, नाहीतर हळू झालाय.

कॉइल उघडी दिसत असेल तर तिच्यावर बोट न लावता नजर फिरवा. फुगलेला फोड, चीर, एखादा पांढुरका ठिपका दिसला की जागा सापडली. दिसत नसेल तर मल्टिमीटर. प्लग काढायचा, कॉइलच्या एका टोकाची वायर सोडवायची आणि रोध मोजायचा. किती यायला हवा, याचं गणित सोपं आहे: व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टवर १,२०० वॅटच्या कॉइलला ४४ ओहमच्या आसपास, २,००० वॅटच्या कॉइलला साडेसव्वीसच्या आसपास. मीटरने काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटली. आणि एक टोक कॉइलला, दुसरं ओव्हनच्या अंगाला लावल्यावर मीटर हलला तर वीज बाहेर झिरपतेय. कॉइल जळणं हा ओव्हनच्या आयुष्यातला सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत बिनमहत्त्वाचा आजार. केवळ त्यासाठी ओव्हन टाकू नये.

डिजिटल ओव्हनमध्ये थर्मोस्टॅटच्या जागी बहुधा प्लॅटिनमचा सेन्सर असतो. अनेक मॉडेलांत तो थंड असताना १,०८० ते १,१०० ओहम दाखवतो. फार वेगळा आकडा आला तर बदला. काम पाच मिनिटांचं आहे.

सर्वांत कमी तपासली जाणारी जागा म्हणजे वायरींची टोकं. चपट्या पट्टीवर सरकवलेला तो जोड वर्षानुवर्षं तापून सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो, काळा पडतो, आणि एक दिवस वीज पोचवणं सोडून देतो. मेकॅनिक पॅनेल बघून म्हणतो, "कार्ड गेलंय," म्हणजे ओव्हन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. माझ्या बहिणीकडे हेच झालं. कार्डाची किंमत ऐकून ती नवा ओव्हन घ्यायला निघाली होती. दुसऱ्याने मागचा पत्रा काढला, काळं टोक कापलं, नवं उष्णतारोधक टोक दाबून बसवलं. ओव्हन चालू. इथे कथलाचा डाग देऊन चालत नाही. साधं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, कॉइलच्या टोकाशी ते टिकणार नाही. वायरही साधी पीव्हीसीची नको, सिलिकॉनची किंवा काचतंतूच्या वेष्टनाची हवी. कोणी साधी वायर पिळून वर टेप गुंडाळत असेल तर थांबवा.

गॅस ओव्हनमध्ये दोन भाग बहुतेक तक्रारींच्या मुळाशी असतात. नॉब सोडताच ज्योत विझत असेल तर थर्मोकपल. ज्योत लागली आहे की नाही हे ओळखून गॅस चालू ठेवणारी ही दांडी काही मिलिव्होल्टवर काम करते. तिचं टोक काजळलं किंवा ज्योतीबाहेर सरकलं तरी रुसते. काही ओव्हनमध्ये ठिणगीऐवजी लालबुंद होणारा इग्नायटर असतो. तो म्हातारा झाला की तापतो, चमकतोही, पण पुरेसा प्रवाह ओढत नाही, आणि मग सुरक्षा व्हॉल्व्ह उघडत नाही. पेटायला दीड मिनिटाहून जास्त लागत असेल आणि मधेच भप्पकन आवाज होत असेल तर इग्नायटर बदलायची वेळ झाली. तो लाल दिसतो म्हणून चांगला असेल, असं धरून चालू नका.

दिवा, नॉब, दाराचं रबर हे बिघाडांत मोजूच नका. फक्त दिवा घेताना ३०० अंश सोसणारा, ओव्हनचाच घ्या.

पायरी ५: डब्याची परीक्षा

आता खरी पायरी. कॉइलचं निदान झालं तरी ही टाळू नका.

कागदाची पट्टी दारात अडकवा आणि ओढा. चारही बाजूंना थोडा अडथळा जाणवायला हवा. सरसर निघून आली तर तिथून उष्णता निसटतेय. रात्री अंधार करून थंड ओव्हनमध्ये टॉर्च लावून ठेवा आणि दार बंद करा. उजेडाची रेघ कुठे कुठे दिसते ते बघा. रेघ रबराच्या एखाद्या तुकड्यापुरती असेल तर रबर बदला. वरच्या बाजूला एका कोपऱ्याकडे रुंद होत गेलेली असेल तर बिजागरी झुकली आहे. बिजागऱ्या मिळतात, बदलता येतात. पण ज्या पत्र्यात त्या अडकतात तो पत्राच वाकला किंवा गंजून फाटला असेल, तर नवी बिजागरी कशात अडकवणार?

आतल्या भिंतींचा मुलामा म्हणजे पोलादावर वितळवून चढवलेली काच असते. एखादा टवका उडालेला चालतो. तळाला गंज पसरून पापुद्रे सुटत असतील, कुठे आरपार भोक पडलं असेल, तर इलाज नाही. घरगुती रंग मारून हे झाकायचं नसतं, तो तापून जळतो आणि त्याचा धूर पदार्थाला लागतो.

तास-दीड तास २०० वर चालवून बाहेरच्या बाजूंना हाताची पाठ जवळ नेऊन पाहा. एकच जागा बाकीपेक्षा फार तापत असेल, शेजारच्या कपाटाची कड तपकिरी पडली असेल, तर आतलं इन्सुलेशन खाली बसलंय किंवा उंदरांनी ओढून नेलंय. (ओव्हनच्या मागची ऊब उंदरांना फार आवडते. वास येत असेल तर शंका घ्या.) ते काढून नवं भरणं म्हणजे ओव्हन पूर्ण खोलणं. बहुतेक वेळा परवडत नाही. पन्नासेक वर्षांपूर्वीचा ओव्हन वारशात आला असेल तर त्याच्या पट्ट्यांत किंवा इन्सुलेशनमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. तो हौसेने खोलायला बसू नका.

वास मारतो म्हणून जुन्या ओव्हनवर स्वतःहून साफ होण्याचा पायरोलिटिक मोड लावायचा मोह होतो. त्यात आतलं तापमान ५०० अंशांच्या जवळ जातं. थकलेली कार्डं आणि थर्मल कटआउट (फार तापलं की वीज तोडणारा भाग) त्याच तासात मान टाकतात.

डबा नापास झाला, तर इथेच थांबा आणि शेवटच्या पायरीवर जा. पास झाला तर पुढे.

पायरी ६: पार्ट मिळतो का

दार उघडा. चौकटीच्या कडेला किंवा खालच्या कप्प्यात एक पट्टी असते, तिच्यावर मॉडेल क्रमांक, वॅट आणि व्होल्ट छापलेले असतात. तिचा फोटो काढा. अक्षरं पुसट असतील तर टॉर्च तिरपा धरा.

कॉइल कंपनीचीच असायला हवी असं नाही. आकार, फिटिंगच्या भोकांमधलं अंतर, वॅट आणि व्होल्ट जुळले की झालं. थर्मोस्टॅटही इतरांचा चालतो, मात्र तापमानाची कक्षा, संपर्कांची संख्या आणि नळीची लांबी जुळायला हवी. कार्डाचं तसं नाही, ते त्याच मॉडेलचं लागतं आणि मॉडेल बंद झालं की काही वर्षांत संपतं. तरी घाई नको. कार्डातलं बहुधा एखादं रिले किंवा कपॅसिटर गेलेलं असतं, आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारा माणूस तेवढंच बदलून देऊ शकतो.

पायरी ७: हिशेब

सगळे सांगतात तो ठोकताळा असा: दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त, तर नवा घ्या. आणि ओव्हनचं आयुष्य दहा ते पंधरा वर्षं धरा. ठोकताळा वाईट नाही, पण तो फक्त आजचा खर्च बघतो. दुरुस्तीने किती वर्षं विकत मिळतात, हे तो विचारतच नाही.

त्यापेक्षा असं करा. नव्याची किंमत १०० धरा. तो बारा वर्षं चालेल असं मानलं तर वर्षाला ८.३ पडले. दुरुस्ती ३० ला होतेय आणि डबा बघता चार वर्षं निघतील असं वाटतं, तर वर्षाला साडेसात. दुरुस्ती थोडी स्वस्त. पण दोनच वर्षं निघणार असतील तर वर्षाला १५, मग नवा बरा. नव्याच्या बाजूला बसवण्याचा खर्च, वायरिंग, कपाट कापणं हेही घाला. १०० चे १२० व्हायला वेळ लागत नाही, म्हणजे वर्षाला १०. दुरुस्तीच्या बाजूला येण्याजाण्याचे पैसे घाला.

"नवा वीज वाचवेल" हा युक्तिवाद ओव्हनला फारसा लागू पडत नाही. फ्रिज चोवीस तास चालतो, तिथे जुना-नवा फरक बिलात दिसतो. ओव्हनमध्ये कॉइल जेवढी वीज घेते तेवढीच उष्णता देते, कालही आणि आजही. नव्याचं दार आणि इन्सुलेशन जरा बरं असतं, इतकंच. तासभर १८० वर भाजायला एक युनिटच्या आसपास लागतं. त्यातला काही हिस्सा वाचला तरी, आठवड्यातून एकदा भाजणाऱ्या घरात किती वाचणार?

एक आकड्याबाहेरचा नियम मी पाळते: वर्षभरात वेगवेगळ्या दोन भागांची दुरुस्ती झाली असेल तर तिसरी करत नाही.

पायरी ८: मेकॅनिकशी बोलताना

फोनवर मॉडेल क्रमांक, वय आणि लक्षण सांगा. निदान सांगू नका, नाहीतर तेच परत विकत मिळतं. "ओव्हन तापत नाही" याऐवजी "वरची कॉइल लाल होते, खालची होत नाही, आणि १८० वर थर्मामीटर १५२ दाखवतो" असं सांगितलंत तर समोरचा सावध होतो, आणि योग्य पार्ट बरोबर आणतो. आल्यावर विचारा: काय गेलंय ते मीटर लावून दाखवाल का? पार्टवर वॉरंटी किती? दुरुस्तीचा आकडा उघडण्याआधी सांगाल का? जुना पार्ट मला द्याल का? या चारही प्रश्नांवर चिडणारा माणूस चांगला कारागीर असूही शकेल, पण मी दुसरा बघते.

पायरी ९: नवाच घ्यायचा ठरला तर

भिंतीतल्या ओव्हनची जागा मोजा, ओव्हन नव्हे. रुंदी समोरून आणि मागून, दोन्हीकडे, उंची, आणि खोली प्लगची जागा सोडून. ६० सेंटिमीटरचा म्हणून विकला जाणारा ओव्हन बहुधा ५६ सेंटिमीटरच्या खाचेत बसतो, पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे. हवा खेळायची फट नकाशात दाखवलेली असते, ती सुताराला दाखवा. वॅट बघा: ३,००० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो. त्याला स्वतःची लाइन आणि जाड वायर हवी, एक्स्टेन्शन बोर्ड नको.

मोठा घेण्याआधी गेल्या वर्षभरात जुन्यातल्या दोन्ही जाळ्या एकाच वेळी किती वेळा वापरल्या ते आठवा.

पहिल्यांदा रिकामा चालवा, पुस्तिकेत दिलेल्या तापमानावर, खिडकी उघडी ठेवून. कारखान्यातलं तेल जळताना थोडा धूर आणि वास येतो. गार झाला की तोच जुना थर्मामीटर आत ठेवून पुन्हा १८० ची परीक्षा घ्या. नवा आहे म्हणून खरं बोलतो असं नाही, आणि फरक मोठा असेल तर परत द्यायची मुदत अजून हातात असते.

जुन्यातला चालू पंखा, बिजागऱ्या, जाळ्या मेकॅनिकला हव्या असतात, विचारून पाहा. उरलेला ई-कचऱ्यात द्या. आणि ओव्हन झिणझिण्या देत होता म्हणून टाकत असाल, तर दाराबाहेर ठेवण्याआधी त्याची वायर प्लगसकट कापून टाका, नाहीतर कोणीतरी तो उचलून घरी नेईल आणि लावून बघेल.